आजचा पाडा बघून तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव वाचता येतं का? (शिरीन रत्नागर, हडप्पा, इनामगाव)

घोडकाठ
माझं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. इनामगाव सायकलच्या अंतरावर. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचं उत्खनन केलं, तेव्हा आजोबा काही हंगाम मजुरीला जात होते. एक गोष्ट ते अजूनही सांगतात. एका घराच्या जमिनीखाली दोन रांजण निघाले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि आत लहान मुलाची हाडं. कामावरच्या बायका खुरपी खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्या दिवशी पुढे कोणी फारसं बोललं नाही म्हणे.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेले दोन महिने मी शिरीन रत्नागर यांचं लेखन वाचतोय. डेक्कन कॉलेजात शिकल्या, मग लंडनला मेसोपोटेमियाचं पुरातत्त्व, पुढे दिल्लीच्या जेएनयूत प्राध्यापक. सन २००० मध्ये निवृत्त झाल्या. त्यांची ओळख मुख्यतः हडप्पा संस्कृतीच्या अभ्यासक म्हणून आहे. सिंधूकाठचा मेसोपोटेमियाशी व्यापार, हडप्पाची राज्यसंस्था, शहरांचा शेवट हे त्यांचे विषय. पण त्यांनी आदिवासी आणि पशुपालक समाजांवरही सातत्याने लिहिलंय, आणि मला वाटतं ही दोन वेगळी कामं नाहीत. शहर आणि राज्य कसं उभं राहिलं हे कळायला, राज्य नसताना माणसं जमीन, धान्य, लग्नं, भांडणं कशी सांभाळत होती हे आधी कळलं पाहिजे.

जमात म्हणजे वंश नव्हे, मागासलेपण नव्हे, डोंगरात राहणंही नव्हे, असं त्या मांडतात. जमात म्हणजे नात्यावर उभी असलेली समाजरचना. जमीन कुळाची असते. त्या कुळात जन्मलात म्हणून तुम्हाला कसायला मिळते, पण ती तुम्ही विकू शकत नाही.

मला हे फार पटलं. मग प्रश्न पडला, की आजच्या भिल्ल किंवा माडिया गावात जाऊन इनामगावची घरं समजून घेता येतील का? की त्यात आजच्या माणसांवर अन्याय होतो? जाणकारांनी लिहावं.

केतकी
वाचतेय. रांजणांचं वाचून काटा आला.

जुनी_पांढर
छान धागा. थोडं सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः काही वर्षं उत्खननांवर काम केलं आहे.

या पद्धतीला लोकजीवनाधारित पुरातत्त्व म्हणतात. जिवंत समाज घर कसं बांधतो, मडकं कसं भाजतो, धान्य कुठे ठेवतो, कचरा कुठे टाकतो हे बघायचं आणि त्यावरून जमिनीतल्या खुणांचा अर्थ लावायचा. महाराष्ट्रात हे नवं नाही. १९३९ साली सांकलिया आणि इरावती कर्वे दोघंही डेक्कन कॉलेजात आले. एक पुरातत्त्वाचे, एक मानवशास्त्राच्या. १९४०च्या दशकात गुजरातमधल्या लांघणजला दोघांनी मिळून काम केलं. शिकारी-संग्राहक लोकांचे सांगाडे तिथे मिळाले. खणणारा आणि माणसं समजून घेणारी एकाच खड्ड्यावर, हे आजही क्वचित दिसतं.

आता इनामगावचं साधं उदाहरण. घरांच्या जमिनीवर मातीचे गोल ओटे मिळाले. नुसते बघून काय कळणार? पण आपल्याकडे खेड्यात धान्याची कणगी ज्याने पाहिली आहे त्याला लगेच कळतं. खालून ओल आणि उंदीर लागू नये म्हणून कणगी ओट्यावर किंवा दगडांवर बसवतात. तसंच पेवांचं. जमिनीतला चुना लिंपलेला खड्डा म्हणजे धान्याचं पेव, हे सांगायला पुस्तक लागत नाही, आपली आजी पुरते.

तिफण
आमच्याकडे वाड्यात बळद होतं, भिंतीतच. वरून ओतायचं, खालच्या बोळक्यातून काढायचं. वाडा पाडला तेव्हा तळाशी जुन्या ज्वारीचा भुगा निघाला. हे वाचून तो वास आठवला.

अवांतर: "जुनी पांढर" हे नाव आवडलं. नव्या मंडळींसाठी सांगतो, गावात दोन जमिनी, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यानपिढ्या राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढुरकी होते.

जुनी_पांढर
तिफण, बरोबर. आणि हाच आमचा घातही आहे. पांढरीची माती खताला उत्तम, म्हणून शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेतात. किती तरी टेकाडं अशी संपली. ज्या मातीत साडेतीन हजार वर्षांपूर्वीची चूल होती ती आता कुणाच्या तरी उसाखाली आहे. शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याला कोणी कधी सांगितलंच नाही.

रानवाट
मूळ विषयाबद्दल माझा आक्षेप मांडतो.

जिवंत आदिवासी समाजाला "प्राचीन काळाचा नमुना" म्हणून वापरणं मला मुळातच खटकतं. इंग्रजांनी हेच केलं. आधी माणसांना आदिम म्हटलं, मग १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. पारध्यांना त्याचा डाग आजही पुसता आलेला नाही. आदिवासी समाजालाही तितकाच इतिहास आहे जितका पुण्या-मुंबईच्या माणसाला. त्यांनीही राज्यं पाहिली. गोंडांनी तर चंद्रपूर, देवगडला राज्यं केली. दुष्काळ पाहिले, सावकार पाहिले, जंगलखातं पाहिलं. तीन हजार वर्षं कोणी थांबून राहत नाही. मग आजच्या माडिया गावावरून कालच्या इनामगावबद्दल काय कळणार?

अकीक
रानवाट, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण रत्नागरांचं म्हणणं नेमकं याच्या विरुद्ध नाही. त्याही जमातींना गोठलेलं मानत नाहीत. शहर आणि जमात एकाच काळात, एकमेकांशी देवाणघेवाण करत जगली, यावर त्यांचा भर आहे.

माझं नाव अकीक आहे त्याचं कारणच इथे सांगतो. हडप्पा लोकांच्या लाल अकिकाच्या लांब मण्यांना मेसोपोटेमियात मोठी मागणी होती. उर शहराच्या राजघराण्याच्या दफनभूमीत ते मिळाले आहेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. मेसोपोटेमियातल्याच अक्कडचा राजा सार्गोन तर मेलुह्हाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात असं अभिमानाने कोरून ठेवतो, आणि हा मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता तो दगड येतो कुठून? गुजरातमध्ये राजपिपळ्याच्या डोंगरात रतनपूरला अकिकाच्या खाणी आहेत. केनॉयर, विदाले आणि भान या अभ्यासकांनी खंबायतच्या मणीकारांचा अभ्यास केला, तेव्हा खाणीत उतरून दगड काढणारे भिल्ल मजूर होते. दगड उन्हात वाळवतात, मडक्यात भरून शेणाच्या आगीत भाजतात, आतलं लोह लाल होतं, मग खंबायतला मणी घडतो.

मला यात मोठी गोष्ट दिसते. उरच्या राणीच्या गळ्यातला मणी हडप्पाच्या कारागिराने घडवला हे आपण लिहितो. पण तो दगड डोंगरातून ज्याने काढला त्याचं नाव, त्याची भाषा, त्याचा मोबदला याबद्दल कुणी काही लिहीत नाही. हडप्पाकाळी दगड काढणारे भिल्लच होते असं मी म्हणत नाही. पण कोणी तरी डोंगरातली माणसं होतीच.

बखर
अकीक, सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली.

वसुधाताई
घोडकाठ, तुम्ही रत्नागरांच्या हडप्पाबद्दलच्या मताचा उल्लेख केलात, त्यात थोडी भर घालते. मी शाळेत इतिहास शिकवत होते.

हडप्पाला राज्यसंस्था होती की नाही यावर मोठा वाद आहे. राजवाडा सापडत नाही, राजाची भव्य कबर नाही, युद्धाची चित्रं नाहीत. म्हणून काही परदेशी अभ्यासक म्हणाले की तिथे राज्य नव्हतंच, फार तर सरदारकी असेल. रत्नागरांनी ठामपणे उलट बाजू घेतली. शेकडो मैलांवरच्या गावांत विटेचं तेच १:२:४ प्रमाण, तीच वजनं, तांब्या-कांशासाठी दूरदूरहून माल आणायची व्यवस्था, हे सगळं नात्यागोत्यावर चालणाऱ्या समाजाला जमत नाही, त्यामागे सत्ता लागते. आणि त्यांनी जमातीवर एवढा विचार केला होता म्हणूनच त्यांना हे म्हणता आलं. "इथे नातं पुरत नाही" असं म्हणायला नातं कुठपर्यंत पुरतं हे माहीत असावं लागतं.

शहरं संपण्यामागेही मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापार आटला हे एक मोठं कारण रत्नागर मानतात. माल थांबला की सत्ताधाऱ्यांचं वजन जातं, आणि माणसं पुन्हा छोट्या गावांकडे, नात्यांकडे वळतात.

सहावीच्या पुस्तकात इनामगावचा चार पायांचा मातीचा रांजण होता. त्यात मांडी घालून बसवलेला माणूस. गावाच्या मधोमध असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात तो पुरला होता आणि त्या घराला धान्याचं कोठारही होतं. पुस्तकात प्रश्न होता, हा गावाचा प्रमुख असेल का? मुलं एका सुरात "हो" म्हणायची. एका वर्षी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, कोठार त्याच्या घरात होतं म्हणजे धान्य त्याचंच होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अजून डोक्यात आहे.

जुनी_पांढर
वसुधाताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं मर्म पकडलं. इनामगाव खणणाऱ्या ढवळीकरांनी त्या कोठाराचा अर्थ प्रमुखाकडे जमा होणारा वाटा असा लावला. म्हणजे गावात पायरी-पायरीची रचना, आणि धान्य वरच्या पायरीकडे जायचं. पण धान्य कुळाचं सामाईक असेल आणि सांभाळणारा एक असेल, हेही तितकंच शक्य आहे. जमिनीत दोन्हींची खूण सारखीच राहते, एक मोठं कोठार.

आणखी एक गोष्ट. इनामगावच्या बहुतेक प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले आहेत. त्या रांजणातल्या माणसाचे मात्र तसे तोडलेले नाहीत. मृताने उठून पळून जाऊ नये म्हणून पाय तोडले असावेत असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज.

तिफण
मग प्रमुखाला पळून जायची मुभा होती म्हणायची. मान असावा तर असा. :)

केतकी
मधेच विचारते, वारली चित्रं साडेचार हजार वर्षं जुनी आहेत ना? सगळीकडे असंच वाचते. तो थेट पुरावा नाही का?

वसुधाताई
नाही केतकी. भिंतीवरचं तांदळाच्या पिठाचं चित्र टिकत नाही, लग्नानंतर पुसलं जातं, त्यामुळे तेवढं जुनं एकही वारली चित्र हाती नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांमधल्या आकृत्यांशी साम्य दिसतं म्हणून कोणी तरी तो काळ वारली चित्राला चिकटवला आणि तो पसरला. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, मधे पालघाट देवी असते. कागदावर ते नेलं ते १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी. ही कला मोठी ठरायला तिला इतकं जुनं ठरवायची गरज नाही.

बखर
हरियाणातल्या राखीगढीच्या डीएनएबद्दल कोणीच बोललं नाही? २०१९ साली एका हडप्पाकालीन स्त्रीचा जनुकीय अभ्यास आला. त्यात इराणी शेतकऱ्यांशी दूरचं नातं असलेला एक घटक आणि अंदमानी लोकांशी दूरचं नातं असलेला प्राचीन भारतीय शिकारी-संग्राहकांचा दुसरा घटक, असं मिश्रण निघालं. गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. म्हणजे आदिवासी हे हडप्पाचे वंशज, असं म्हणता येईल ना?

अकीक
बखर, तो दुसरा घटक कमी-अधिक प्रमाणात आपल्या सगळ्यांमध्येच आहे. तुमच्यात, माझ्यात, ब्राह्मणात, भिल्लात. प्रमाण वेगळं, पण तेवढंच. आणि रत्नागरांचा मुद्दा इथे पुन्हा कामाला येतो. जमात रक्तात नसते. दोन सख्ख्या भावांपैकी एक कुळाची जमीन कसत राहिला आणि दुसरा शहरात मजुरीला गेला, तर त्यांचं रक्त एकच, पण त्यांचा समाज वेगळा झाला.

बखर
मान्य. या बाजूने विचार केला नव्हता.

रानवाट
अकीक, तुमच्या रतनपूरच्या प्रतिसादाने मी थोडा नरम झालोय हे कबूल. एक उदाहरण माझ्याकडूनही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे गावाने आपली खाजगी जमीनसुद्धा ग्रामदानात दिली. "मावा नाटे, मावा राज" (आमचं गाव, आमचं राज्य) ही त्यांची घोषणा. हे काही इसवीसनपूर्व काळातून चालत आलेलं नाही. आजच्या माणसांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन, एकमताने, आजच्या कायद्याचा आधार घेऊन केलं आहे. सामाईक जमीन ही जुनी सवय असेलही, पण तो आजचा निर्णयही आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

तिफण
दायमाबादचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना कांशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. सगळं मिळून ६० किलोच्या वर वजन. रथाला दोन बैल जुंपलेले आणि हाकणारा उभा. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातल्या मोठ्या ठेव्यांपैकी एक, आणि तो एका भिल्लाच्या कुदळीला लागला.

जुनी_पांढर
आणि त्या मूर्तींच्या काळावर अजून एकमत नाही, हेही सांगायला हवं. त्या नीट खणलेल्या थरातून आल्या नाहीत. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. डी. पी. अगरवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. १९७५ ते १९७९ मध्ये साळी यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा उत्तर हडप्पा काळाचा थर खरोखर मिळाला, पण मूर्ती त्याच थरातल्या हे काही सिद्ध झालं नाही.

सातपुड्याचा
बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो. मी पावरा आदिवासी आहे, धडगाव तालुक्यातला. आमचं जुनं गाव नर्मदेकाठी होतं. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली, त्यातलं एक.

रानवाट भाऊ आमची बाजू घेताय त्याबद्दल आभार. पण मला कोणी येऊन आमचं घर कसं असतं ते विचारलं तर राग येत नाही. राग येतो तो न विचारता लिहिलं तर. मी कॉलेजात असताना एका शिक्षकांनी वर्गात सांगितलं की आदिवासी "स्थिर घरं बांधत नाहीत". मी मागच्या बाकावर बसलो होतो. आमचं घर माझ्या आजोबांच्या बापाने बांधलं होतं.

घर कसं असतं ते सांगतो, म्हणजे जुनी_पांढर यांना उपयोग होईल. आमची घरं एकाला एक लागून नसतात. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. मधे हाकेचं अंतर. म्हणून पाहुण्याला वाटतं गाव नाहीच. भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, शेण-मातीने लिंपलेल्या. खांब सागाचे. आता महत्त्वाचं. घर हलवायचं ठरलं की खांब, वासे, कौलं सगळं सोबत नेतो. साग पिढ्यानपिढ्या चालतो, तो कोण सोडून जाईल? मागे काय राहतं? खांबांचे खड्डे, चुलीखालची लाल झालेली माती, उखळाचा खळगा, आणि जिथे गुरं बांधायचो तिथली काळी माती. दोन पावसाळ्यांत भिंती विरघळतात. तुम्ही शंभर वर्षांनी खणलंत तर म्हणाल, इथे गरीब माणूस राहत होता, त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याच्याकडे वीस खांबांचं घर होतं, ते तो घेऊन गेला.

घर बांधायला मजूर लावत नाही. लाहा असतो. पाड्यातले सगळे येतात, एका दिवसात उभं करतात, ज्याचं घर तो जेवण देतो. उद्या दुसऱ्याचं असेल तेव्हा आपण जायचं. हिशोब कोणी लिहीत नाही, पण विसरतही कोणी नाही.

घोडकाठ
दादा, हा प्रतिसाद तीन वेळा वाचला. "ते तो घेऊन गेला" या वाक्यावर थांबलो.

जुनी_पांढर
सातपुड्याचा, मनापासून आभार. तुम्ही जे लिहिलंत त्याने माझी एक जुनी पक्की समजूत हलली.

इनामगावला शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इसवीसनपूर्व १००० नंतर, मोठी चौकोनी घरं कमी झाली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली, आणि इसवीसनपूर्व ७००च्या सुमारास गाव ओस पडलं. पाऊस कमी झाला, लोक गरीब झाले, भटके झाले, असा अर्थ लावला जातो. हाडं आणि धान्यही त्याच बाजूने बोलतात, त्यामुळे तो अर्थ चुकीचा आहे असं नाही म्हणणार. पण लहान झोपडी म्हणजे गरिबी, हे आम्ही फार पटकन धरून चाललो. खांब कुठे गेले हा प्रश्न आम्ही पुरेसा विचारला नाही.

रानवाट
माझा आक्षेप मी निम्मा मागे घेतो. विचारून, नावानिशी, मान देऊन केलं तर हे ज्ञान आहे. बाकी निम्मा शिल्लक ठेवतो, कारण अशी विचारपूस फार कमी लोक करतात.

वसुधाताई
यावरून दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. गणिती माणूस, पण पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरून सूक्ष्म दगडी हत्यारं गोळा करायचा. धनगर मेंढरं घेऊन ज्या वाटांनी जातात त्या वाटांवर, देवीच्या तांदळ्यांच्या (शेंदूर लावलेल्या बिनघडीव दगडांच्या) आसपास ती मिळतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांनीही वाटेतल्या माणसाला विचारूनच शोधलं.

सातपुड्याचा, मला माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. तुमच्याकडे पाड्याच्या प्रमुखाच्या घरी जास्त धान्य असतं का? आणि ते त्याचं असतं का?

सातपुड्याचा
बाई, चांगला प्रश्न. आमच्या पाड्यात सणाआधी प्रत्येक घरातून थोडं थोडं धान्य गोळा होतं आणि पुजाऱ्याच्या घरी ठेवतात. कारण त्याचं घर मधे आणि तो नेहमी घरी असतो. कणगी त्याची, धान्य सगळ्यांचं. सण झाला की संपतं. पण त्याच्या घराची स्वतःची कणगी वेगळी असते, आतल्या खोलीत. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतील.

जुनी_पांढर
इनामगावला इतर घरांतही कणग्यांचे ओटे आणि पेवं आहेत. म्हणजे घरोघरी आपापलं धान्य होतं, आणि त्याखेरीज हे एक मोठं कोठार. तुमच्या पुजाऱ्याच्या कणगीशी जुळतंय. प्रमुखाच्या वाट्याशीही जुळतंय. अजून उत्तर नाही, पण प्रश्न बराच नेमका झाला.

घोडकाठ
आजोबांना हा धागा वाचून दाखवला. खांबांच्या खड्ड्यांचं ऐकून म्हणाले, "खड्डे होते ना. साहेब एकेका खड्ड्याभोवती चुन्याने गोल काढायला लावायचे. आम्हाला वाटायचं, रिकाम्या खड्ड्याचं एवढं काय?"

सातपुड्याचा
जुनी_पांढर सर, त्या मोठ्या घराचा नकाशा असेल तर पाठवा. आजी ऐंशीच्या पुढे आहे. बुडितात गेलेल्या गावातल्या प्रत्येक घराची जागा तिला अजून पाठ आहे. तिला दाखवतो. काय आहे ते आधी सांगणार नाही.

जुनी_पांढर
व्यक्तिगत निरोपात पाठवला.

केतकी
आता झोप येणार नाही. :)

सातपुड्याचा
(चार दिवसांनी) दाखवला. नकाशा म्हणजे काय ते आधी समजावलं, मग अंगणात काठीने मोठा काढून दाखवला. ती त्यात उभी राहिली आणि फिरली. गोल ओट्यांपाशी लगेच म्हणाली, कणग्या. एका लहान गोलाला म्हणाली, ही कणगी नाही, कोंबड्या झाकायची जागा असेल, चुलीच्या एवढ्या जवळ धान्य कोण ठेवेल, ऊब लागून किडतं.

मग मोठ्या कोठारापाशी बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, आजी, हे धान्य घरवाल्याचं की सगळ्यांचं? म्हणाली, "याचं दार कुठे होतं? घराच्या आतून की अंगणातून? ते सांग, मग सांगते."

जुनी_पांढर
उद्या ग्रंथालय उघडलं की मूळ अहवाल काढून बघतो.